अंगवळणी पडलेला रस्ता

नीरा नरसिंहपूरच्या घाटावरून दोन नद्या एका नजरेत दिसतात. एका बाजूने उजनी धरणातून सुटलेली भीमा येते, दुसऱ्या बाजूने भोर तालुक्यात उगम पावून वीर धरणावरून खाली आलेली नीरा. संगमानंतर पंढरपूरकडे जाणारा प्रवाह भीमाच राहतो. नीरेचे नाव पुणे जिल्ह्याच्या या टोकाला संपते, तिचे पाणी मात्र पुढे जाते. शर्यतीच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या मालिकांबद्दल विचार करताना हा संगम वारंवार डोळ्यांसमोर येतो, कारण तिथे याच्या उलट घडले असावे अशी शंका येते. 'नीड फॉर स्पीड'सारखी नावे तीस वर्षे चालू आहेत, पण त्या नावांत आता पूर्वीचे पाणी उरले आहे का? की ते फोनच्या पडद्यावरून दुसऱ्याच पात्रातून वाहते आहे? या प्रश्नाच्या दोन बाजू मी एका मामाच्या आणि भाचीच्या तोंडी घालतो आहे. मामा इंदापूर तालुक्यातले, संगणक क्लासच्या काळात वाढलेले. भाची पुण्यात गेम बनवण्याचे शिक्षण घेणारी. दोघेही कल्पित आहेत, त्यांनी दिलेले दाखले मात्र खरे आहेत. संगमाच्या पायऱ्यांवर बसून दोघे बोलत आहेत असे समजावे.

मामा : बाळ, या गेमची सुरुवात आर्केडपासून धरू. आर्केड म्हणजे मुळात नाणं टाकून खेळायचं यंत्र. १९८६ मध्ये सेगाचा 'आउट रन' आला, यू सुझुकी यांनी केलेला. वेळ संपायच्या आत पुढचा टप्पा गाठला तर आणखी वेळ मिळायचा, नाहीतर नाणं गेलं. १९९३ मध्ये नामकोनं 'रिज रेसर' काढला. त्यात धड एकच रस्ता होता, अवघड पातळीला तोच पुढं लांबवलेला. सेगाच्या 'डेटोना यूएसए'मध्ये रस्ते तीन, पण आठ यंत्रं एकमेकांना जोडून आठ जणांना एकदम पळता यायचं. एवढ्या तुटपुंज्या सामानावर माणसं नाण्यामागून नाणं का टाकत होती? आपल्या तालुक्याच्या गावांत ती यंत्रं फारशी पोचलीच नाहीत. आपल्याकडं आला तो 'रोड रॅश', त्याची १९९६ मधली संगणकावरची आवृत्ती, आणि मागोमाग 'नीड फॉर स्पीड'. एमएस-सीआयटीचा तास संपला की एकजण खुर्चीवर, तिघं त्याच्या मागं उभे. वरचा बाण दाबून धरायचा, समोरून गाडी आली की डावीकडं सरकायचं, शेजारच्याला लाथ घालायची. मागं उभ्या असलेल्यांनाही पुढचा चढ कुठं आहे ते पाठ असायचं, आणि तो यायच्या आधीच ते ओरडायचे. आजच्या गेममध्ये चित्र खऱ्यासारखं दिसतं, गाड्या शेकड्यांनी असतात, पण मागं उभं राहून ओरडावं असं त्यात काही उरलेलं नाही.

भाची : मामा, हे तुमच्या वयाचं बोलणं आहे, गेमचं नाही. पंधराव्या वर्षी जे हाती लागतं ते आयुष्यभर गोड लागतं. तुमच्या 'रोड रॅश'मधले रस्ते एकमेकांसारखेच होते, समोरच्या गाड्या ठोकळ्यांसारख्या होत्या. आणि 'रिज रेसर'मध्ये एकच रस्ता होता तो काही कुणी विचारपूर्वक ठरवलेला नियम नव्हता. यंत्राची ताकद तेवढीच होती. ताकद वाढली तसे रस्ते वाढले. हा विकास झाला, ऱ्हास कसा म्हणायचा? 'फोर्झा होरायझन' बघा. २०१२ मध्ये कोलोरॅडोत सुरू झाला, मग दक्षिण युरोप, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन असं करत २०२१ मध्ये मेक्सिकोत पोचला. वाळवंट, जंगल, ज्वालामुखीचा उतार, जिथं वाटेल तिथं गाडी घाला. पहिल्या आठवड्यातच एक कोटी लोक तो खेळले. ओढ आटली असती तर ही एवढी माणसं आली कुठून? मजबुरीला तुम्ही कला म्हणताय आणि मोकळिकीला ऱ्हास.

भाचीचा हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. जुन्याचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला तो विचारायला हवा. एखादी गोष्ट मर्यादेतून जन्मली म्हणून ती चांगली ठरत नाही, आणि आवडती होती म्हणूनही नाही. पण त्याच्या उलटही खरे आहे. मर्यादेतून जन्मली एवढ्यावरून ती टाकाऊही ठरत नाही. मर्यादेने नेमके काय घडवले आणि मर्यादा गेल्यावर त्यातले काय टिकले, हे पाहावे लागते. मामा आता तिकडे वळतात.

मामा : मान्य, रस्ता एक होता तो नाइलाजानं. पण त्या नाइलाजातून काय झालं ते बघ. तोच रस्ता पन्नास वेळा आला की तो अंगवळणी पडतो. आपल्या भाषेनं हा शब्दच कसा केलाय बघ, सवयीतसुद्धा वळण आहे. पहिल्या खेपेला वळण दिसतं आणि माणूस भिंतीवर आदळतो. दहाव्या खेपेला वळण यायच्या आधी बोट हलतं. तिसाव्या खेपेला तो त्याच वळणावर कुणाला तरी मागं टाकतो. ओढ वेगाची नव्हे, त्या पहिल्या आणि तिसाव्या खेपेमधल्या अंतराची. तुझ्या मेक्सिकोत शंभर रस्ते आहेत, प्रत्येक रस्त्यावर माणूस दोनदा जातो. म्हणजे तो कायम पहिल्या खेपेलाच राहतो. तुकोबांची पालखी आपल्याच तालुक्यात बेलवाडीला थांबते, तिथं गोल रिंगण होतं. ती शर्यत नाही, भक्ती आहे, त्याची बरोबरी मी करत नाही. पण घोडा त्याच वर्तुळात धावतो, दरवर्षी तसाच, आणि बघायला शिवारभर माणूस. नवा मार्ग कुणी मागत नाही. बैलगाड्यांचं तेच. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. साडेसात वर्षं मैदानं ओस पडली होती. परत सुरू झाल्यावर गर्दी तशीच लोटली. का, तर मैदान तेच, चाकोरी तीच, गट, सेमी, फायनल तेच. 'नीड फॉर स्पीड' २००२ पासून २०१३ पर्यंत एक वर्षही न चुकता आला आणि तरी पूर्वीची ओढ टिकवू शकला नाही. म्हणजे खंड पडल्यानं ओढ मरत नाही. दरवर्षी रूप बदलल्यानं मरते.

भाची : बैलगाड्याचा दाखला तुमच्यावरच उलटतो, मामा. मैदान बघायला कोण जातं? माणसं बैल बघायला जातात. कुठल्या गावचा, कुणाचा, किती लाखांना मागितला होता, हेच तर पारावर बोललं जातं. मग गेममध्ये गाड्या जमवण्याला तुम्ही नावं का ठेवता? तीच हौस आहे. शिवाय मैदानात मुक्या जनावराला दामटतात, त्याच्या त्रासाबद्दल कोर्टात वर्षानुवर्षं बोललं गेलं ते उगीच नव्हतं. पडद्यावरच्या गाडीला निदान वेदना नाहीत. आणि दुसरी गोष्ट. तुम्ही ओढ शोधताय ती जुन्या नावांखाली. ही समोरची नीरा बघा, इथं तिचं नाव संपलं म्हणून काय पाणी संपलं? शर्यतीचा गेम आज टीव्हीसमोरून उठून हातातल्या फोनमध्ये गेलाय. 'अ‍ॅस्फाल्ट' २००४ पासून आहे. आठवा भाग २०१३ मध्ये आला, नववा २०१८ मध्ये. जिओ आल्यावर आपल्या गावातल्या पोरांना जो पहिला शर्यतीचा गेम मिळाला तो फोनवरचाच. नववा 'अ‍ॅस्फाल्ट' एका अंगठ्यानं खेळता येतो. बारामती ते इंदापूर एसटीत उभं राहून, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं. सायबर कॅफेच्या तासाचे पैसे नकोत, क्लासमधल्या खुर्चीसाठी थांबायला नको. ज्यांना तुमच्या क्लासमध्ये कधी खुर्ची मिळाली नाही, त्या मुलींना हा गेम मिळाला. हे तुम्ही हिशेबात धरणार की नाही?

हा मुद्दा मोठा आहे आणि तो पुरता मान्य करायला हवा. संगणक क्लास आणि सायबर कॅफे यांच्या त्या गर्दीत मुली जवळजवळ नव्हत्या. तिथली सामाईक मजा ही अर्ध्या गावाचीच मजा होती. फोनने दार उघडले ही गोष्ट कोणत्याही हळहळीपेक्षा महत्त्वाची आहे. पण दार उघडल्यावर आत काय ठेवले आहे, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विचारल्याने दार बंद होत नाही. उलट आत आलेल्या प्रत्येकीला चांगली गोष्ट मिळावी म्हणूनच तो विचारायचा.

मामा : धरणार, आणि तू बरोबर बोललीस. बैलाबद्दलही बरोबर. माणसं बैलासाठी येतात. पण बैल मोठा ठरतो कुठं? चाकोरीवरच ना. जुन्नर, खेड, आंबेगावकडच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, गाडा एकटा पळतो आणि घड्याळाचे सेकंद मोजतात. घाट सगळ्यांना तेवढाच, म्हणून सेकंदाला किंमत. उद्या प्रत्येक गाड्याला वेगळा घाट दिला, तर सेकंद मोजून उपयोग काय? आता तुझा नववा 'अ‍ॅस्फाल्ट' घे. त्यात टचड्राइव्ह म्हणून सोय आहे. गाडी वळण स्वतःच घेते. खेळणाऱ्यानं फक्त कुठल्या वाटेनं जायचं ते अंगठ्यानं सरकवायचं आणि वेगाचा झटका देणारा नायट्रो कधी सोडायचा ते बघायचं. म्हणजे रस्ता राहिला, वळण काढून घेतलं. मग ओढ कशावर टांगायची? गाडीवर. एक गाडी मोकळी करायची तर तिचे ब्लूप्रिंट गोळा करा, इंधन संपलं तर भरेपर्यंत थांबा, थांबायचं नसेल तर पैसे भरा. 'नीड फॉर स्पीड'नं २०१७ मध्ये 'पेबॅक'मध्ये हेच केलं, गाडीची ताकद वाढवायला पत्ते ठेवले, कुठला निघेल ते नशिबावर. पूर्वी हरल्यावर माणूस म्हणायचा, तिसऱ्या वळणाला मी उशीर केला. आता म्हणतो, माझी गाडी कमी पडली. पहिल्या बोलण्यात शिकणं आहे. दुसऱ्यात नुसती खरेदी.

भाची : हे पटतं. टचड्राइव्ह बंद करून हातानं खेळता येतं, पण बहुतेकांना ते सुचवलंच जात नाही, हेही खरं. तरी तुमच्या म्हणण्यात एक दुरुस्ती करते, मामा. तुम्ही म्हणता जुना रस्ता. मी म्हणते सामाईक रस्ता. 'ट्रॅकमॅनिया' फ्रान्सच्या नादेओनं २००३ मध्ये काढला, म्हणजे तीही जुनीच मालिका. २०२० मध्ये नवी आवृत्ती आली. त्यात रोज एक नवा मार्ग निघतो, बहुतेक मिनिटभराचा. तुमच्या हिशेबानं रोज नवा म्हणजे ओढ संपायला हवी. होतं उलट. त्या दिवशी जगभरातली माणसं तोच एक मार्ग दोनशे-तीनशे वेळा पळवतात. त्या मार्गावर गाडी सगळ्यांची सारखी, पैसे भरून वेग वाढत नाही, आणि कुणीतरी आधी पळलेल्याची सावली तुमच्या शेजारून धावताना दिसते. 'मारिओ कार्ट'चंही बघा. आठवा भाग २०१४ चा, २०१७ मध्ये स्विच यंत्रासाठी पुन्हा काढला, तिथं त्याच्या सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. २०२२ आणि २०२३ मध्ये त्यात ४८ मार्ग घातले, बहुतेक आधीच्या भागांतलेच. जून २०२५ मध्ये 'मारिओ कार्ट वर्ल्ड' आला आणि त्यांनी मोकळं जग केलं. एका मार्गावरून दुसऱ्यापर्यंतचा लांबलचक रस्ता हीच शर्यत. खेळणाऱ्यांनी तक्रार केली, आम्हाला तीन फेऱ्यांची शर्यत हवी. जुलैत निंटेंडोनं सुधारणा करून फेऱ्यांचे मार्ग जास्त वेळा येतील असं केलं. तक्रार करणाऱ्यांत नुसते तुमच्या वयाचे नव्हते, कॉलेजातली पोरंही होती. तेव्हा आठवणीमुळं ओढ वाटते हे माझं मघाचं म्हणणं मी मागं घेते. पण तुमचंही 'जुनं ते सोनं' चालणार नाही. फेरी हवी, ती आज सकाळी बनवलेली असली तरी चालेल.

मामा : मग मीही माझं सुधारून घेतो. सामाईक हा शब्द मला आधी सापडला नव्हता. क्लासमधले तिघं मागून ओरडायचे कारण त्या चौघांचा रस्ता एकच होता. 'बर्नआउट'चं असंच झालं असावं. २००४ चा तिसरा भाग ठरलेल्या रस्त्यांचा होता. २००८ मध्ये 'पॅराडाइज' आला, अख्खं शहर मोकळं. हरल्यावर तीच शर्यत पहिल्यापासून सुरू करायची सोयच सुरुवातीला नव्हती, नकाशावरून पुन्हा तिथवर गाडी चालवत जायचं. ती सोय मागाहून द्यावी लागली. खेळ सुंदर होता, पण त्यानंतर त्या मालिकेचा पूर्ण नवा भाग आलाच नाही.

भाची : आणि रस्ता सामाईक असायचा तर तो उद्याही असायला हवा. 'द क्रू' २०१४ च्या डिसेंबरमध्ये आला. चालवायला कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि पैसे देऊन घेतलेला गेम कुणालाच उघडता येईना. त्यातून विकलेले गेम असे बंद पाडू नयेत म्हणून मोहीम उभी राहिली, युरोपात दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून काढला, कारण खऱ्या गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने संपले. ज्यांच्याकडं होता त्यांचा चालतो, नव्यानं कुणाला घेता येत नाही. बेलवाडीचं रिंगण जर एखाद्या कंपनीच्या परवान्यावर असतं, तर?

इथे दोघांचे बोलणे थांबवून माझे म्हणणे मांडतो. दोन्ही बाजूंनी आपापले एकेक म्हणणे सोडले आणि त्यातून हाती आले ते दोघांच्या सुरुवातीच्या भूमिकेपेक्षा नेमके आहे. शर्यतीच्या गेमची ओढ वेगावर, चित्राच्या खरेपणावर किंवा गाड्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. ती तीन गोष्टींवर उभी आहे. रस्ता पुन्हा पुन्हा यावा. तो सगळ्यांना सारखा असावा. आणि त्यावरचे वळण खेळणाऱ्याने स्वतः घ्यावे. आर्केडच्या यंत्रांना या तिन्ही गोष्टी नाइलाजाने सापडल्या. पुढे मालिकांकडे ताकद आली तेव्हा त्यांनी विस्तार विकायला घेतला, मग गाड्यांचा साठा विकायला घेतला, आणि या तीन गोष्टी एकेक करून हातातून सुटल्या. ज्या मालिकांनी त्या धरून ठेवल्या, त्यांची ओढ आजच्या मुलांनाही तितकीच आहे.

एक आक्षेप तरीही उरतो. 'फोर्झा होरायझन'च्या एक कोटी माणसांचे काय? त्यांना खोटे ठरवण्याची गरज नाही. त्यांतल्या अनेकांना तो गेम पास या मासिक वर्गणीत मिळाला, त्यामुळे खेळणारे आणि विकत घेणारे यांचा आकडा एक नव्हे, हे एक. पण खरे उत्तर दुसरे आहे. मोकळ्या रानात गाडी घेऊन हिंडणे हा स्वतंत्र आनंद आहे आणि तो चांगला आहे. तो सहलीचा आनंद आहे. सहल एकदा होते, लक्षात राहते आणि पुढच्या खेपेला नवा मुलूख लागतो. म्हणूनच ती मालिका दर भागात देश बदलते. शर्यतीला देश बदलावा लागत नाही. शिवाय त्याच मेक्सिकोत दुसऱ्या खेळाडूच्या सावलीशी त्याच मार्गावर झुंजण्याची सोय बनवणाऱ्यांनी ठेवलीच आहे. फेरीची किंमत त्यांनाही ठाऊक आहे. दोन्ही आनंद असावेत. दोघांना एकच नाव देऊन एकाच्या जागी दुसरा देऊ नये, एवढेच मागणे आहे.

हे सांगण्याची निकड महाराष्ट्रात आहे, कारण आपण आता नुसते खेळणारे राहिलेलो नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस'. उद्या याच शहरात कुणी शर्यतीचा गेम करायला बसेल तेव्हा त्यांच्यावर पहिला दबाव येईल तो मोठ्या नकाशाचा आणि पाचशे गाड्यांचा. तो करायला हजारो माणसांचे श्रम लागतात, आणि त्यात आपण मागेच राहू. एक घाट मात्र करता येईल. बाजूला बांध, वर फेटे, मधोमध चाकोरी, आणि वर पोचायला मोजून काही सेकंद. चाबूक नको, जनावराला त्रास नको, ब्लूप्रिंट नको. घाट सगळ्यांना सारखा, सर्व्हर बंद झाला तरी फोनमध्ये राहणारा. नरसिंहपूरची मुलगी आणि जुन्नरचा मुलगा त्याच घाटावर शंभर वेळा चढतील, एकमेकांचे सेकंद पाहतील, आणि कधीतरी दोघांचेही बोट वळण यायच्या आधी हलेल. मागे उभे राहून ओरडायला माणसे आपोआप येतील.